कोकणात रोजगाराची पाहणी करताना या चुका टाळा

जिल्ह्याच्या विकास आराखड्यासाठी मनुष्यबळाची माहिती गोळा करताना पहिली चूक प्रश्नावलीत नव्हे, तर पाहणीच्या तारखेत होते. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत हर्णै किंवा मिरकरवाड्यात विचारणा केली, तर स्थानिक खलाशी बेकार दिसतात आणि बाहेरून आलेले बहुतेक गावी गेल्याने दिसतच नाहीत. एप्रिल-मेमध्ये आंबा उतरवण्यात आणि पेट्या भरण्यात गाव गुंतलेले असते, पण बागेत राखणीला राहणाऱ्या नेपाळी कामगाराची नोंद कोणत्याच घरात होत नाही. शिमग्याला आणि गणपतीला तर चाकरमान्यांमुळे सगळाच हिशेब बिघडतो. त्यामुळे निदान दोन हंगामांत तीच कुटुंबे गाठावीत आणि गेल्या सात दिवसांतील कामाबरोबर वर्षभरातील कामही महिनावार विचारावे. केंद्राच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातही आठवडा आणि वर्ष हे दोन्ही संदर्भकाळ असतात.

‘तुम्ही नोकरी करता का?’ असे विचारले की घरी काजूगर सोलून देणारी बाई ‘नाही, घरीच असते’ म्हणते आणि प्रगणक ‘गृहिणी’ लिहून पुढच्या घराकडे वळतो. त्याऐवजी काल सकाळपासून काय काय केले, त्याचे पैसे कोणी दिले आणि ते किलोमागे की रोजाने, असे विचारावे. २०११च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. तिथे ही चूक किरकोळ ठरत नाही.

नमुन्यासाठी केवळ मतदारयादी वापरू नये, कारण यादीतील कित्येक जण मुंबईत राहतात. कुलूपबंद घराऐवजी शेजारचे घर घेणे सोयीचे वाटते. मात्र त्यामुळे स्थलांतराचीच माहिती हातची जाते. घर कधीपासून बंद आहे, हे गावातील आशासेविकेकडून समजू शकते.

आकडे जुळत नसतील, तर लगेच प्रगणकाला दोष देऊ नये. सावंतवाडी-दोडामार्गातील अनेक तरुण रोज गोव्यात कामाला जातात, म्हणून राहण्याचा आणि कामाचा तालुका वेगवेगळ्या रकान्यांत हवा. लोटे परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडील कामगार कारखान्याच्या हजेरीपटावर नसतील, तर त्यांची संख्या स्वतंत्र मागावी लागते.

उद्योजकांना ‘कुशल माणसे मिळतात का?’ असे मोघम विचारल्यास ‘नाही’ हेच उत्तर येते. कोणते पद, किती पगारावर, किती महिने रिकामे आहे, असे विचारले की टंचाई कौशल्याची आहे की पगाराची, हे कळते.