हरवलेल्या कॅथेड्रलचा आणि त्याच्या धर्मप्रांताचा माग कसा काढावा

वसईच्या किल्ल्यात संत जोसेफच्या चर्चच्या मनोऱ्याखाली उभे राहिले की, "हे पोर्तुगिजांचे कॅथेड्रल" असे कोणीतरी हमखास सांगते. शोधाला सुरुवात याच शब्दापासून करावी. कॅथेड्रल म्हणजे नुसते मोठे चर्च नव्हे. जेथे बिशपचे आसन असते आणि जेथून धर्मप्रांताचा कारभार चालतो, तेच कॅथेड्रल. म्हणून दगड न्याहाळण्याआधी बिशप कोण होता, त्याची नेमणूक कधी झाली आणि त्याच्या हद्दीत कोणता मुलूख येत होता, हे निश्चित करावे.

ही कसोटी प्रथम वसईलाच लावून पाहावी. या चर्चच्या शिलालेखात, आलेशू द मेनेझिस आर्चबिशप, म्हणजे इतर बिशपांवरचा प्रमुख बिशप, असताना 1601 मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाल्याचे नोंदले असून चर्चला 'मात्रिझ', म्हणजे धर्मग्रामाचे मातृचर्च, म्हटले आहे. आर्चबिशपचे आसन गोव्याला होते आणि वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत थेट 1998 मध्ये झाला. यामुळे त्या भग्न वास्तूचे मोल तसूभरही कमी होत नाही, परंतु तिला तिचे खरे नाव मिळाले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मध्ययुगातील हरवलेले आसन शोधायचे असेल, तर त्याहून मागे जावे लागते. 1321 मध्ये ठाण्यात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी संघाच्या चार जणांना ठार करण्यात आले. त्यांचा सोबती, डॉमिनिकन संघाचा जॉर्डनस, याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे 1329 मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी कोल्लम येथे धर्मप्रांत स्थापून याच जॉर्डनसला बिशप नेमले आणि तो धर्मप्रांत इराणातील सुलतानिया येथील आर्चबिशपच्या अधिकारक्षेत्रात ठेवला. आसन केरळात असले, तरी त्याच्या बिशपचे कार्य आपल्या ठाणे-सोपाऱ्यातही घडले होते, हे कोकणातल्या अभ्यासकाने विसरू नये.

लॅटिन कागदांत स्थळनामे फार फसवतात. 'ताना' म्हणजे ठाणे, 'सुपेरा' म्हणजे सोपारा, आणि 'कोलुंबुम' म्हणजे कोलंबो नव्हे, तर कोल्लम. अशा नावांची यादी आधीच करून ठेवावी. चौदाव्या शतकाच्या मध्यास कोल्लमला राहिलेल्या जॉन मारिग्नोल्ली या पोपच्या दूताने तेथील लॅटिन ख्रिस्ती लोकांच्या संत जॉर्ज चर्चचा उल्लेख केला आहे. तथापि उल्लेख सापडला म्हणून तेच कॅथेड्रल असे लिहून टाकू नये. बिशपचे आसन तेथे असल्याचा स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत त्याला चर्चच म्हणावे. पुढे हा धर्मप्रांत लयास गेला आणि 1886 मध्ये पुन्हा उभा राहिला. मधल्या काळातील कागद त्याच्या नावाखाली शोधू नयेत.

काळाचे थर वेगळे ठेवावेत. पोर्तुगिजांना वसई 1534 मध्ये मिळाली, म्हणजे जॉर्डनसच्या नेमणुकीनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. त्यामुळे किल्ल्यातील पोर्तुगीज चर्चचा कोणताही दगड त्याच्या काळाशी जोडता येत नाही. तारखांबाबतही सावध राहावे. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्याची तारीख मुंबईच्या इंग्रजी कागदांत अकरा दिवस मागे दिसते, कारण इंग्रजांनी ग्रेगोरियन पंचांग 1752 मध्ये स्वीकारले.

शिलालेख वाचण्यासाठी पावसाळा सरल्यावर, सकाळच्या तिरप्या उन्हात जावे. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पाणी लावू नये. वेगवेगळ्या बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि जी अक्षरे झिजली आहेत, त्यांची जागा नोंदवहीत रिकामी सोडावी.