पंक बँडच्या निवडक गाण्यांच्या संकलनावरील चाहत्यांच्या प्रतिक्रिया कशा पारखाव्यात

पंक म्हणजे साधे, वेगवान आणि बंडखोर रॉक संगीत. एखाद्या पंक बँडच्या गाजलेल्या गाण्यांचे संकलन बाजारात आले की त्याविषयी चाहत्यांनी लिहिलेले वाचताना नवखा श्रोता गोंधळून जातो. एकाच अल्बमला कोणी त्या बँडच्या कारकिर्दीचे सार म्हणतो, कोणी रेकॉर्ड कंपनीने मांडलेला बाजार म्हणतो आणि दोघेही त्या बँडवर जीव टाकणारेच असतात. मराठी श्रोत्याला हा वाद आणखी परका वाटतो, कारण आपण पूर्वीपासून सुटी गाणीच ऐकत आलो. ‘निवडक’ आणि ‘अविस्मरणीय’ गाण्यांच्या कॅसेटींवर आपल्याकडे घरेच्या घरे पोसली गेली आणि सारेगामाने २०१७ मध्ये ५००० गाणी भरलेला ‘कारवां’ हा रेडिओसारखा प्लेअर आणला, तेव्हा गाणी मूळ चित्रपटांपासून तोडल्याबद्दल आपल्याला काही वाटले नाही. पंकमध्ये मात्र गाणे कोणत्या लेबलवर (म्हणजे कोणत्या रेकॉर्ड कंपनीच्या नावाखाली), कोणत्या अल्बममध्ये, कोणत्या क्रमाने आणि किती किमतीला आले, हे गाण्याइतकेच महत्त्वाचे मानले जाते. म्हणून चाहत्याचा राग किंवा आनंद जसाच्या तसा स्वीकारण्याआधी त्यामागची वस्तुस्थिती तपासावी. ती कशी तपासावी हे येथे मुख्यतः लंडनच्या ‘द क्लॅश’ या बँडच्या आधारे सांगितले आहे, कारण त्यांची संकलने अनेक आहेत आणि प्रत्येकाची कुळकथा वेगळी आहे.

सर्वप्रथम संकलन कोणी केले आणि ते त्याच वर्षी का आले, हे शोधावे. १९८८ मध्ये आलेल्या ‘द स्टोरी ऑफ द क्लॅश, व्हॉल्यूम १’ या दुहेरी अल्बममध्ये २८ गाणी आहेत. बँड तोपर्यंत संपला होता, पण या संकलनात सदस्यांचा सहभाग होता. सोबतचा मजकूर ‘अल्बर्ट ट्रान्सम’ नावाच्या कोणा सेवकाच्या तोंडी घातलेला आहे आणि तो प्रत्यक्षात गायक जो स्ट्रमर याने लिहिला. १९९१ च्या ‘द सिंगल्स’चे कारण निराळे होते. त्या वर्षी लेव्हाइस जीन्सच्या जाहिरातीत वापरल्यामुळे ‘शुड आय स्टे ऑर शुड आय गो’ हे १९८२ च्या अल्बममधील गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि संकलन त्याच्या पाठोपाठ आले. २००३ चे ‘द इसेन्शियल क्लॅश’ हे डिसेंबर २००२ मध्ये स्ट्रमरचे निधन झाल्यानंतर आले आणि ते त्याला अर्पण केलेले आहे. या तिन्ही अल्बमांवरची मते एकाच तराजूत तोलता येत नाहीत. जाहिरातीच्या लाटेवर आलेल्या संकलनावर चिडणारा चाहता आणि गायकाच्या मृत्यूनंतर तीच गाणी पुन्हा ऐकताना गहिवरलेला चाहता हे एकाच गाण्याविषयी लिहीत असले, तरी त्यांचे म्हणणे वेगवेगळ्या प्रसंगांतून आलेले असते.

दुसरी तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि बहुतेक प्रतिक्रियांत तीच सुटते: संकलनातील गाणी मूळ अल्बमांतून उचललेली आहेत की ती केवळ सिंगल म्हणून, म्हणजे एकेका गाण्याच्या सुट्या तबकडीवर, आली होती? १९७७ नंतरच्या ब्रिटिश पंकमध्ये सिंगल ही स्वतंत्र कृती होती. ‘कम्प्लीट कंट्रोल’, ‘व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले’, ‘बँकरॉबर’ आणि ‘धिस इज रेडिओ क्लॅश’ ही ‘द क्लॅश’ची गाणी त्यांच्या ब्रिटनमधील मूळ स्टुडिओ अल्बमांत नाहीत. ‘संकलन कशाला, अल्बमच ऐका’ हा सल्ला अशा बँडच्या बाबतीत अपुरा ठरतो, कारण तो पाळणाऱ्याच्या हाती बँडची काही सर्वोत्तम गाणी लागणारच नाहीत.

याचे सर्वांत ठळक उदाहरण मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’चे आहे. त्यांचे ‘सिंगल्स गोइंग स्टेडी’ १९७९ मध्ये अमेरिकेतील श्रोत्यांना बँडची ओळख करून देण्यासाठी तिथे प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनमध्ये ते बँड फुटल्यावर, १९८१ मध्ये आले. त्याची रचना साधी आणि चोख आहे. पहिल्या बाजूला आठ सिंगल्स काळाच्या क्रमाने आणि दुसऱ्या बाजूला त्याच आठ सिंगल्सच्या बी-साइड (तबकडीच्या मागच्या बाजूची गाणी) त्याच क्रमाने. ‘ऑर्गॅझम ॲडिक्ट’पासून ‘हार्मनी इन माय हेड’पर्यंत ऐकत गेले की दोन वर्षांत हा बँड कसा धारदार होत गेला हे कानांनाच कळते, आणि दुसऱ्या बाजूला ‘व्हाय कान्ट आय टच इट’सारखे सहा मिनिटांहून लांब गाणे भेटते, तेव्हा पंक म्हणजे दोन मिनिटांचा आरडाओरडा हा समज गळून पडतो. यातील बहुतेक गाणी बँडच्या अल्बमांत नव्हती. म्हणूनच या संकलनाला अनेक चाहते बँडचा सर्वोत्तम अल्बम मानतात, आणि माझ्या मते ते बरोबर आहेत. एखाद्या संकलनाविषयी चाहत्यांचे एवढे एकमत आढळले, तर त्यामागे असे काही कारण आहे का, हे गाण्यांची यादी आणि मूळ अल्बमांची यादी शेजारी ठेवून दहा मिनिटांत पडताळता येते.

यानंतर ‘अमुक गाणे वगळले’ या तक्रारीकडे वळावे. ही तक्रार सर्वाधिक आढळते, पण तिच्या पोटात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय तिचे वजन कळत नाही. पहिली गोष्ट हक्कांची. ‘ग्रीन डे’ या अमेरिकी बँडच्या २००१ च्या ‘इंटरनॅशनल सुपरहिट्स’मध्ये २१ गाणी आहेत, आरंभी ‘मारिया’ आणि ‘पॉपरॉक्स अँड कोक’ ही दोन गाणी, आणि नंतर १९९४ च्या ‘डूकी’पासून पुढची वाटचाल. त्याआधी बँडने लुकआउट या छोट्या लेबलसाठी केलेल्या दोन अल्बमांतील ध्वनिमुद्रणे त्यात नाहीत. ‘वेलकम टू पॅराडाइज’ आहे, पण ते ‘डूकी’साठी पुन्हा ध्वनिमुद्रित केलेले. सुरुवातीच्या काळापासून सोबत असलेल्या चाहत्याला हे वगळणे झोंबते, हे समजण्यासारखे आहे. मात्र ती ध्वनिमुद्रणे त्या काळी दुसऱ्या लेबलकडे होती, हे माहीत असलेला वाचक त्याचा अर्थ लगेच ‘बँडला जुन्या दिवसांची लाज वाटते’ असा लावणार नाही. पुढे २०१७ च्या संकलनात ‘टू थाउजंड लाइट इयर्स अवे’ हे लुकआउटच्या काळातील गाणे घेतले गेले.

दुसरी गोष्ट बँडने स्वतः नाकारलेल्या कामाची. गिटारवादक मिक जोन्सला १९८३ मध्ये काढून टाकल्यानंतर ‘द क्लॅश’ने १९८५ मध्ये ‘कट द क्रॅप’ हा अल्बम काढला. १९८८ च्या संकलनात त्याचा मागमूस नाही आणि २०१३ च्या ‘साउंड सिस्टिम’ या मोठ्या संचातही तो अल्बम नाही. त्यातील ‘धिस इज इंग्लंड’ला २००३ च्या संकलनात मात्र जागा मिळाली. येथे चाहत्यांत खरा वाद आहे आणि तो वाचण्याजोगा आहे, कारण तो इतिहास कोणी सांगायचा याविषयी आहे. माझे मत असे की ‘धिस इज इंग्लंड’ हे स्ट्रमरच्या उत्तम गाण्यांपैकी एक असून ते वगळणारे संकलन अपुरे आहे. तिसरी गोष्ट केवळ आवडीनिवडीची. तिची नोंद घ्यावी आणि पुढे जावे.

गाण्याच्या कोणत्या आवृत्तीविषयी प्रतिक्रिया लिहिली आहे, हेही पाहावे लागते. ‘व्हाइट रायट’च्या दोन आवृत्त्या आहेत: सिंगलवरची पोलिसांच्या सायरनने सुरू होते, तर ब्रिटिश अल्बमवरची ‘वन-टू-थ्री-फोर’ अशा मोजणीने. अमेरिकेत पहिला अल्बम १९७९ मध्ये आला तेव्हा चार गाणी काढून पाच नवी घातली गेली आणि ‘व्हाइट रायट’ सिंगलच्या आवृत्तीत दिले गेले. म्हणजे लंडनमध्ये वाढलेला चाहता आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेला चाहता ‘पहिला अल्बम’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात वेगवेगळ्या तबकड्या असतात. संकलनात ‘चुकीची’ आवृत्ती घेतली अशी तक्रार दिसली, तर दोन्ही आवृत्त्यांचे पहिले दहा सेकंद ऐकावेत. कोणता चाहता कशाविषयी बोलत आहे हे तेवढ्यात स्पष्ट होते. क्रमाबाबतही असेच आहे. २०१३ च्या ‘हिट्स बॅक’मधील बहुतेक गाणी जुलै १९८२ मध्ये ब्रिक्स्टनला झालेल्या कार्यक्रमाच्या यादीप्रमाणे लावलेली आहेत. हे ठाऊक नसलेल्याला तो क्रम विस्कळीत वाटेल; ठाऊक असलेल्याला त्यात मैफलीचा चढउतार सापडेल.

‘हे विकले गेले’, म्हणजे पैशासाठी तत्त्व सोडले, या आरोपाला मी हसण्यावारी नेत नाही. पंकमध्ये हा आरोप शिवी म्हणून वापरला जात असला, तरी त्याला तत्त्वाचा आधार आहे. कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या गिलमन स्ट्रीटवरील ज्या मंचावर ‘ग्रीन डे’ घडला, तिथे मोठ्या कंपन्यांच्या बँडना स्थान नव्हते, आणि बँडने १९९३ मध्ये रिप्रीझ या मोठ्या कंपनीच्या लेबलशी करार केल्यावर ते दार त्यांना बंद झाले. ‘द क्लॅश’ने १९७७ मध्येच सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला होता, पण कंपनीने त्यांच्या संमतीविना ‘रिमोट कंट्रोल’ सिंगल म्हणून काढले, तेव्हा त्याच वर्षी ‘कम्प्लीट कंट्रोल’ लिहून त्यांनी त्याच कंपनीच्या लेबलवरून तिला सुनावले. पुढे ‘लंडन कॉलिंग’ हा दुहेरी आणि ‘सँडिनिस्टा’ हा तिहेरी अल्बम स्वस्तात मिळावा म्हणून त्यांनी आग्रह धरला, आणि ‘सँडिनिस्टा’साठी तर आपल्या मानधनावर पाणी सोडले. ज्या बँडने किमतीलाच आपली भूमिका मानले, त्याचे तेच गाणे पाचव्यांदा नव्या वेष्टनात विकले जाते तेव्हा जुना चाहता दुखावतो, आणि त्याचे दुखावणे रास्त आहे. ही तक्रार तपासताना एवढेच विचारावे की संकलनात आधी सहज न मिळणारे काही आहे का आणि बँडच्या सदस्यांचा त्याला होकार होता का. ‘डेड केनेडीज’ या अमेरिकी पंक बँडच्या बाबतीत दुसरा प्रश्न निर्णायक ठरतो: गायक जेलो बियाफ्रा आणि उरलेले सदस्य यांच्यात मानधनावरून न्यायालयीन लढा झाल्यानंतर २००७ मध्ये ‘मिल्किंग द सेक्रेड काउ’ आले, त्यामुळे त्यावरच्या बऱ्याच प्रतिक्रिया त्या भांडणात कोण कोणाच्या बाजूने आहे हे सांगतात आणि गाण्यांच्या निवडीविषयी थोडेच बोलतात.

प्रतिक्रिया देणारा बँडकडे केव्हा आणि कसा आला, हे ओळखणेही उपयोगी पडते. न्यूयॉर्कच्या ‘रामोन्स’चे ३० गाण्यांचे ‘रामोन्स मेनिया’ १९८८ मध्ये आले आणि अमेरिकेत सुवर्ण प्रमाणपत्र (पाच लाख प्रतींच्या विक्रीचे) मिळवणारा तो त्यांचा पहिला अल्बम ठरला. १९७६ च्या पहिल्या अल्बमला तो मान २०१४ मध्ये मिळाला. अर्थातच असंख्य श्रोत्यांसाठी ‘रामोन्स’ म्हणजे आधी हे संकलन होते. अशा श्रोत्याचे प्रेम दुय्यम नसते, मात्र तो गाण्यांच्या मूळ क्रमाविषयी किंवा काळाविषयी ठामपणे लिहीत असेल, तर ते पडताळून घ्यावे.

स्वतःची प्रतिक्रिया लिहायची झाल्यास संकलनाचे वर्ष, आवृत्ती आणि माध्यम पहिल्याच वाक्यात नोंदवावे, कारण तबकडी, सीडी आणि ऑनलाइन यादी यांतील गाणी पुष्कळदा जुळत नाहीत. आपण बँडचे कोणते मूळ अल्बम ऐकले आहेत हे सांगावे. वगळलेल्या गाण्याचा उल्लेख करताना त्याच्या बदल्यात कोणते काढले असते, तेही लिहावे. या एका अटीने निम्म्या तक्रारी गळून पडतात आणि उरलेल्या वाचण्यासारख्या होतात. नवख्यासाठी लिहीत असल्यास, संकलनातील ज्या तीन-चार गाण्यांवर मन जडेल ती मुळात कोणत्या अल्बमातून आली आहेत हे नावासह द्यावे, म्हणजे वाचणाऱ्याला पुढचा अल्बम निवडता येतो.