हार्डी जिरेनियम मधोमध उघडं पडलंय? या चुका टाळा

इंग्लंडमध्ये जुलै उजाडला की बाग करणाऱ्या आपल्या मंडळींकडून हार्डी जिरेनियमबद्दल, म्हणजे थंडी सोसून दरवर्षी पुन्हा फुटणाऱ्या फुलझाडाबद्दल, एक तक्रार हमखास ऐकू येते, "मे-जूनमध्ये काय बहरलं होतं! आता बघा, सगळं आडवं पडलंय." फांद्या वाफ्याबाहेर लोळतायत, पानं पिवळी पडलीत, गड्ड्याच्या मधोमध टक्कल. झाड मात्र मेलेलं नसतं.

पहिला घोळ नावाचा. भारतात आपण कुंडीत लावतो किंवा महाराष्ट्रात काही शेतकरी तेलासाठी लावतात ते जिरेनियम म्हणजे खरं तर पेलार्गोनियम. वनस्पतीशास्त्राने १७८९ मध्येच त्याला वेगळं काढलं, पण बोलण्यातलं नाव काही सुटलं नाही. पेलार्गोनियम पार जमिनीलगत कापलं तर बहुधा पुन्हा फुटत नाही. ती भीती मनात ठेवूनच लोक हार्डी जिरेनियमलाही हात लावायला कचरतात. हार्डी जिरेनियमचे डोळे मात्र जमिनीलगतच्या गड्ड्यावर असतात, त्यामुळे वरचं सगळं गेलं तरी ते खालून फुटतं.

म्हणून सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाबरत घाबरत केलेली छाटणी. नुसती सुकलेली फुलं खुडून हे झाड सुधारत नाही. पहिला बहर ओसरला की, म्हणजे जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत, फांद्या आणि जुनी पानं सगळी जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटरवर कापून टाका. कुंपण छाटायची मोठी कात्री चालते. लगेच प्रत्येक गड्ड्याला बादलीभर पाणी द्या आणि भोवती कंपोस्ट पसरा. कोरड्या उन्हाळ्यात कापून पाणी न देणं हीही चूकच, झाड तसंच बसून राहतं. पाणी मिळालं तर दोन-तीन आठवड्यांत कोवळ्या पानांचा गोल गेंद तयार होतो. 'मॅग्निफिकम'सारख्या जाती वर्षातून एकदाच फुलतात, त्यांच्याकडून दुसऱ्या बहराची आशा धरू नका. ती ताजी पानंही मला तरी पुरेशी वाटतात.

'ऑक्सोनियानम' ही जात असेल तर उशीर अजिबात नको. क्रौंचाच्या चोचीसारख्या शेंगा वाळल्या की तटकन उकलतात, बी लांब उडतं आणि पुढच्या वर्षी फरशीच्या फटीफटीतून रोपं येतात.

मधलं टक्कल छाटणीने भरत नाही, खतानेही नाही. गड्डा म्हातारा झालाय, तो उपटून विभागायलाच हवा. मार्च-एप्रिलमध्ये किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काटेफावड्याने पूर्ण उचला, बाहेरच्या कडेचे तीन-चार कोंब असलेले तुकडे वेगळे करा आणि तेच लावा. मधला लाकडासारखा भाग टाकून द्या. जीव होत नाही म्हणून अनेक जण तोच पुन्हा पुरतात, आणि पुढच्या वर्षी तक्रार तीच. भर उन्हाळ्यात विभागणी नको.

'रोझॅन' या जातीला विभागणीचा हा नियम लावू नका. २०१३ च्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये, म्हणजे लंडनच्या मोठ्या पुष्पप्रदर्शनात, शतकाचं झाड म्हणून निवडलेलं हे जिरेनियम दोन हिमालयी जातींच्या संकरातून आलंय. त्याला बी धरत नाही, म्हणून ते थंडी पडेपर्यंत फुलत राहतं. लांब फांद्या एकाच गड्ड्यातून निघतात, त्यामुळे फावड्याने दोन तुकडे केले तर दोन्ही जाण्याची भीती. फारच पसरलं तर जुलैत निम्मं कापा. नवी रोपं हवी असतील तर वसंतात बुडाशी आलेल्या कोंबांची कलमं लावा.

'मॅक्रोरायझम'ची तऱ्हा वेगळी. त्याची जाड खोडं जमिनीवर येऊन उघडी, लाकडी दिसू लागतात, आणि लोक झाड संपलं म्हणून कचऱ्यात टाकतात. तसं करू नका. शेंड्याला पानं असलेला खोडाचा तुकडा तोडा आणि पानांपर्यंत मातीत पुरून पायाने दाबा. पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात, आणि मोठ्या झाडाखालच्या कोरड्या सावलीतही ते तग धरतं.