कबड्डी संघासाठी स्वभावचाचणी: कुठे वापरायची, कुठे नाही

तालुका स्पर्धांची तयारी सुरू झाली की मोबाईलवर फुकट मिळणारी 16 प्रकारांची स्वभावचाचणी मुलांकडून भरून घ्यायचा मोह होतो. दहा मिनिटांत प्रत्येकाला चार अक्षरांचं लेबल मिळतं आणि त्यावरून चढाईला कोण, कोपऱ्याला कोण हे ठरवलं जातं. क्रीडाशिक्षकांनी आणि मंडळाच्या प्रशिक्षकांनी हे करू नये. स्वभावावरून काही गोष्टींचा अंदाज नक्की बांधता येतो, पण त्या थोड्या आणि नेमक्या असतात. संघात कोण घ्यायचा हे त्यांत बसत नाही.

या 16 प्रकारांचं मूळ मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या 1921 सालच्या मांडणीत आहे. तिच्यावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी प्रश्नावली बांधली. मोबाईलवरच्या बहुतेक चाचण्या हीच अक्षरं वापरतात. दोष अक्षरं पाडण्याच्या पद्धतीत आहे. अंतर्मुख-बहिर्मुख या मापावर बहुतेक मुलं मधोमध कुठेतरी असतात आणि चाचणी नेमकी मधेच रेघ मारते. रेघेच्या जरा अलीकडचा आणि जरा पलीकडचा ही दोन मुलं जवळपास सारखीच, तरी त्यांना वेगळी अक्षरं मिळतात. पाच आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा घेतली तर बऱ्याच जणांचं निदान एक अक्षर बदललेलं दिसतं. मूळ चाचणीची प्रकाशक संस्थाही नोकरीची निवड करताना ती वापरू नका असं सांगते. मग 14 वर्षांखालच्या संघाची निवड तिच्यावर कशी करायची?

तरीही वर्णन वाचून मुलगा म्हणतो, ‘सर, हे अगदी माझंच आहे.’ त्याचं कारण 1948 साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी दाखवून दिलं. वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांना त्यांनी ‘तुमच्या स्वभावाचं वर्णन’ म्हणून एकच मजकूर दिला. तो किती जुळतो याला विद्यार्थ्यांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. वर्णन पटलं, एवढ्यावरून चाचणी खरी ठरत नाही.

प्रकारांऐवजी पाच मापं घ्या: बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थैर्य आणि नव्या कल्पनांची ओढ. यांची 20 विधानांची छोटी प्रश्नावली, मिनी-आयपीआयपी, सर्वांना मोफत खुली आहे. प्रत्येक मापाला 4 विधानं, प्रत्येक विधानाला 1 ते 5 गुण. 20 पैकी 11 विधानं उलटी आहेत, म्हणजे त्यांचे गुण 6 मधून वजा करून लिहायचे. ‘वस्तू जागेवर ठेवायला विसरतो’ या विधानाला मुलाने 2 दिले तर कर्तव्यदक्षतेत 4 धरायचे. प्रत्येक मापाची बेरीज 4 ते 20 मध्ये आली पाहिजे. तिला ‘जास्त’ किंवा ‘कमी’ असं नाव न देता आकडाच ठेवा.

आपल्या खानदेशात सगळ्यात मोठी चूक भाषेत होते. पुस्तकी मराठीतलं विधान चोपड्याच्या एखाद्या मुलाला नीट कळतं, तर धडगाव किंवा शिरपूरच्या डोंगराळ भागातल्या पावरी, भिली बोलणाऱ्या मुलाला अर्धंच कळतं. अर्धं कळलेल्या प्रश्नाला मुलं बहुधा मधला 3 देतात, आणि मग त्या मुलाचा स्वभाव उगाच ‘मध्यम’ दिसतो. म्हणून विधान त्याच्या बोलीत तोंडी विचारा. अहिराणीत ‘माले लगेच राग येस’ असं विचारलं तर उत्तर झटकन येतं. एकाने बोलीत भाषांतर करावं आणि मूळ विधान न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मराठीत आणावं. दोन्ही जुळली नाहीत तर शब्द बदला. चाचणीनंतर संघ जाहीर होणार हे मुलांना माहीत असेल तर प्रत्येक जण शिस्तप्रिय निघतो, त्यामुळे ती निवडीनंतरच घ्या. वय 18 च्या आत असेल तर पालकांची लेखी परवानगी आधी घ्या, आणि गुण वर्गात किंवा गटात वाचून दाखवू नका.

आकड्यांपेक्षा वहीवर जास्त भरवसा ठेवा. मैदानावर दिसणाऱ्या चार-पाच गोष्टी ठरवून घ्या आणि सहा आठवडे मोजा. कबड्डीसाठी या चांगल्या चालतात: शिट्टीआधी स्वतःहून वॉर्मअप सुरू केला का, चूक दाखवल्यावर पुढच्या 3 प्रयत्नांत बदल केला का, बाद होऊन परत आल्यावरच्या पहिल्या चढाईत किमान बॉल्क लाइन (मधल्या रेषेपलीकडची समोरच्या अंगणातली आडवी रेषा) ओलांडली का, सलग दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या, गुण आणावाच लागणाऱ्या चढाईला स्वतः पुढे झाला का, साखळीत जोडीदाराचा हात सोडला का. उत्तर फक्त हो किंवा नाही. ‘जिगर आहे’, ‘डोकं शांत आहे’ असले शेरे लिहू नका, कारण दोन माणसं त्यांचे दोन अर्थ लावतात. दोघांनी एकमेकांची वही न बघता तोच सराव सामना नोंदवावा. 20 नोंदींपैकी 16 पेक्षा कमी जुळल्या तर व्याख्या सैल आहे. ती घट्ट करून पुन्हा मोजा.

हजेरीचा रकाना मात्र जपून वाचा. खानदेशात तो स्वभावापेक्षा शेतीचं वेळापत्रक जास्त सांगतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापूस वेचणीला घरातले सगळे हात लागतात. नंदुरबारकडची कित्येक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुली माहेरी येतात, घर भरलेलं असतं. संध्याकाळची शेवटची एसटी चुकली तर पाच-सहा किलोमीटर चालत घरी जावं लागतं, म्हणून पोरगा सराव अर्धवट सोडतो. ही सगळी गैरहजेरी ‘कर्तव्यदक्षता कमी’ या खात्यात टाकली तर सर्वांत कष्टाळू मुलंच यादीतून गळतील, आणि हा अन्याय आकड्यांच्या नावाने होईल. म्हणून प्रत्येक गैरहजेरीपुढे खूण करा: शे (शेतीकाम), गा (गाडी), आ (आजार), वि (विनाकारण). हिशेबात फक्त ‘वि’ धरा. जन्मतारखेचाही एक रकाना ठेवा. वयोगटाची रेघ 1 जानेवारीला पडत असेल तर जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असतो. त्याचा ‘आत्मविश्वास’ बऱ्याचदा त्या जास्तीच्या वाढीतून आलेला असतो.

आता अंदाज. ‘यशस्वी होईल’ हा अंदाज तपासता येत नाही. ‘डिसेंबरअखेर सरावात टिकलेला असेल’ हा तपासता येतो. ‘तिसऱ्या चढाईत निम्म्याहून जास्त वेळा गुण आणेल’ हाही येतो. प्रत्येक मुलासाठी शक्यता टक्क्यांत लिहा आणि पाकीट बंद करून मुख्याध्यापकांकडे ठेवा. हंगाम संपला की हिशेब असा: शक्यता दशांशात घ्या, घडलं तर 1 आणि नाही घडलं तर 0 मधून ती वजा करा, फरकाचा वर्ग करा, सर्व मुलांची सरासरी काढा. 70 टक्के म्हटलं आणि घडलं तर 0.09, नाही घडलं तर 0.49. सरासरी जितकी कमी तितकं चांगलं. हा आकडा एका साध्या अंदाजाशी ताडून बघा. गेल्या वर्षी 24 पैकी 18 मुलं टिकली असतील तर यंदा सर्वांना सरसकट 75 टक्के द्या. यंदाही तेवढीच टिकली तर या सरसकट अंदाजाची सरासरी 0.1875 येते. स्वभावाचे गुण बघून केलेला अंदाज याहून खाली गेला नाही, तर त्या गुणांनी काहीच भर घातली नाही असं समजा.

24 मुलांच्या गटात आणखी एक फसवणूक होते. कर्तव्यदक्षता आणि पकडींचे गुण यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत वाढतात हे सांगणारा आकडा; 0 म्हणजे संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण) 0.30 आला की संबंध सापडला असं वाटतं. एवढ्या लहान गटात 0.40 च्या खालचा आकडा निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. कर्तव्यदक्षता आणि नोकरीतलं काम यांचा संबंधसुद्धा हजारो लोकांच्या अभ्यासांत 0.2 च्या आसपासच भरतो. म्हणून एका हंगामावरून नियम करू नका. तीन-चार हंगामांच्या वह्यांमधले आकडे एकत्र करा.

प्रशिक्षकाच्या यशाबाबत तर स्वभावापेक्षा वागणूक मोजणं जास्त उपयोगाचं आहे, कारण वागणूक बदलता येते. मानसशास्त्रज्ञ स्मिथ आणि स्मॉल यांनी अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांवर 1970 च्या दशकात हेच काम केलं. शाबासकी, चुकीनंतर धीर आणि नेमकी सूचना कशी द्यायची याचं शिक्षण घेतलेले प्रशिक्षक मुलांना जास्त आवडले. सर्वांत जास्त फायदा स्वतःबद्दल कमीपणा वाटणाऱ्या मुलांना झाला. जिंकण्या-हरण्यात मात्र फरक पडला नाही. तेव्हा ‘चांगला प्रशिक्षक’ म्हणजे चषक आणणारा की मुलं टिकवणारा, हे मंडळाने मोजणी सुरू करण्याआधीच ठरवावं. दोन्हींचे अंदाज वेगळे निघतात.

मोजायची रीत साधी आहे. सरावाची 15 मिनिटं सहकाऱ्याने वहीत चार रकाने करून बसावं: शाबासकी, तंत्राची सूचना, चुकीनंतर धीर, रागावणं. प्रत्येक बोलण्याला एक रेघ, आणि ती कोणत्या मुलाला उद्देशून होती तेही लिहायचं. पाच सरावांनंतर दोन गोष्टी बघा. तीन-चार मुलांच्या नावापुढे एकही रेघ नसते, आणि ती बहुतेक बहिर्मुखतेत कमी गुणांची, मागच्या रांगेत उभी राहणारी असतात. दुसरं, एखाद्या मुलाच्या वाट्याला सगळ्या रेघा रागावण्याच्याच आलेल्या असतात. भावनिक अस्थैर्याचे गुण जास्त असलेल्या मुलाला सगळ्यांसमोर ओरडलं की पुढची चढाई तो मधल्या रेषेजवळूनच परत आणतो. त्याला बाजूला घेऊन एकच सूचना द्या: ‘उजव्या कोपऱ्याचा पाय बघ.’ दोन सूचना दिल्या तर 30 सेकंदांच्या चढाईत त्याला एकही आठवत नाही.

इथे स्वभावाचे गुण खरे कामाला येतात: कोणाशी कसं बोलायचं, जोडी कोणाची लावायची, तालुक्याच्या पहिल्या सामन्यात कोणाला आधी पाणी प्यायला बोलवायचं. गुण दर हंगामाला नव्याने घ्या, त्याच मुलाच्या जुन्या गुणांशी जोडू नका, कारण 13 ते 17 या वयात स्वभाव बराच बदलतो. वर्षाअखेर नावं खोडून फक्त आकडे ठेवा आणि मूळ कागद जाळून टाका, म्हणजे पुढच्या वर्षी येणारे नवे सर एखाद्या मुलाकडे जुन्या आकड्यातून बघणार नाहीत.