मोटरहोममधील पाण्याचा पंप बदलताना
पुण्यात टँकरचे किंवा बोअरचे पाणी मोटरहोमच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, टाकीत भरले, की त्यातील बारीक रेती पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत साचते. म्हणून १२ व्होल्टचा पंप निकामी झाला असे ठरवण्यापूर्वी ती जाळी धुवावी आणि फ्यूज तपासावा. तरीही पंप बदलणे भागच असेल, तर बॅटरीची जोडणी सोडवून, टाकीचा कॉक बंद करून आणि नळ उघडून पाइपांतील दाब घालवावा. नव्या पंपावरील बाणाची दिशा पाहावी. प्लॅस्टिकचे आटे हातानेच आवळावेत, कारण पान्याच्या जोराने ते तडकतात आणि फळीखालची गळती लवकर दिसत नाही. फ्यूज पंपावर लिहिलेल्या अँपिअरचाच घ्यावा. तो पुण्यातील विजेच्या सामानाच्या बाजारात, तापकीर गल्लीत, सहज मिळतो. शेवटी एकेक नळ उघडून हवा जाऊ द्यावी, आणि सर्व नळ बंद असतानाही पंप मधूनमधून घरघरत असेल, तर कुठेतरी गळती असू शकते; ती शोधण्यासाठी प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद धरून पाहावा.