शाळेतल्या भुताची गोष्ट लिहिताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या भयकथेतली नववीतली नायिका रात्री बारा वाजता शाळेच्या गच्चीवर उभी होती. भाचीने वाचून एवढंच विचारलं, "मामा, गेटला कुलूप नव्हतं? आणि आईने हिला सोडलं कसं?" भुताबद्दल तिची काही तक्रार नव्हती!

बहुतेकांचं इथेच चुकतं. भूत चोख, शाळा खोटी. परदेशी मालिका बघून लॉकर आणि प्रॉम आणले जातात. आपल्या शाळेत परिपाठ असतो, करकटकाने कोरलेली बाकं असतात, ऑफ तासाला पीटीचे सर येऊन बसतात. भीती तिथूनच काढा. हजेरी घेताना बाई पटावर नसलेलं नाव वाचतात आणि मागच्या बाकावरून "हजर" ऐकू येतं. भरदुपारीसुद्धा पुरे. अंधार हवाच असेल तर गॅदरिंगची तालीम आहे, दहावीचे जादा तास आहेत.

दुसरी चूक म्हणजे भुताला कसलेच नियम नसणं. लेखक अडला की भूत भिंतीतून जातं, सोयीचं असेल तेव्हा दार वाजवतं. आपल्या लोककथांतली भुतं शिस्तीची आहेत. चकवा वाट चुकवतो, गिऱ्हा पाण्याजवळ गाठतो. मुंजा तर शाळेसाठीच घडवल्यासारखा. मुंज झालेला, पण सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, मुक्काम पिंपळावर. सोडमुंज म्हणजे शिक्षण संपल्याचा संस्कार. म्हणजे हा कायमचा विद्यार्थी, शाळा सोडल्याचा दाखला न मिळालेला. दहावीच्या उंबरठ्यावरच्या वाचकाला आणखी काय समजावून सांगायचं? मात्र त्याला प्रयोगशाळेत आणायचं असेल, तर मैदानातला पिंपळ पाडून ती खोली बांधली, हे आधी कुणाच्या तरी बोलण्यात येऊ द्या. शेवटच्या पानावर आणलंत तर ती फसवणूक वाटते.

भगताचा प्रसंग जपून लिहा. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. गोष्टीतल्या एकालाही हे ठाऊक नसेल, तर आजचा वाचक तुमच्यावरच चिडेल.

मुलांच्या तोंडी पुस्तकी वाक्यं नकोत, हे वेगळं सांगायला नको.

आणि गोष्ट मध्येच अडली तर? भूत थोडा वेळ बाजूला ठेवा. ते आलंच नसतं, तर त्या आठवड्यात मुलीचं काय बिघडलं असतं, ते लिहून काढा. घटक चाचणी, अबोला धरलेली मैत्रीण, वडिलांची बदली. उत्तर 'काहीच नाही' आलं, तर गोष्ट अजून तिची झालेली नाही.

माझी नायिका आता गच्चीवर जात नाही. गृहपाठ केला नाही म्हणून चौथ्या तासाला वर्गाबाहेर उभी असते. बाईंनी एकटीलाच बाहेर काढलेलं असतं, पण व्हरांड्यात सावल्या दोन पडतात.