अर्ध्या एकरातली मिरची: रोपापासून पट्टीपर्यंत

मिरची किती लावायची, हे रान किती आहे यावर ठरवू नका. मे महिन्यात विहिरीला पाणी किती राहतं आणि तोड्याला बाया किती मिळतात, यावर ठरवा. पाच बाय दीड फुटावर एकरी ५,८०० रोपं बसतात, म्हणजे अर्ध्या एकरात २,९००. भर हंगामात एका तोड्याला झाडामागे पाव किलो माल धरला तरी सव्वासात क्विंटल मिरची निघते. एक बाई दिवसाला ३० ते ३५ किलो हिरवी मिरची तोडते. म्हणजे एका तोड्याला एकवीस ते चोवीस मजूर लागले, आणि तोडा दर आठ-दहा दिवसांनी. नेमकी त्याच वेळी गावात सोयाबीन-कपाशीची खुरपणी चालू असते. तोडा आठवडाभर लांबला की माल जून होतो, झाडावर लाल पडू लागतो आणि वरची फुलधारणा मंदावते. पहिल्यांदा लावणाऱ्याने अर्ध्या एकराच्या पुढे जाऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

पाण्याचंही तसंच. मेच्या उन्हात वाढत्या झाडाला रोज तीन-चार लिटर धरा. अर्ध्या एकराला नऊ ते बारा हजार लिटर झाले. विहीर तेवढं देत नसेल तर उन्हाळी लागवडीचा नाद सोडून पावसाळी करा.

कधी आणि कोणती

सिल्लोड, भोकरदन, जाफराबाद या मराठवाड्यातल्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये ठिबक आणि मल्चिंगवर (बेडवर अंथरलेल्या प्लास्टिक पेपरवर) लागवड करतात, म्हणजे जून अखेरीपासून हिरवा माल सुरू होतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सगळीकडचा माल एकदम येतो, त्याआधीचे दोन-तीन तोडे हाती लागावेत हा त्यामागचा हिशेब. जून-जुलैची लागवड स्वस्तात होते, पण मर आणि फळकूज तिलाच जास्त. लाल करून विकायची असेल तर जुलै-ऑगस्टची लागवड बरी, कारण माल पिकायला लागतो तोवर पाऊस संपलेला असतो. ऐन पावसात लाल मिरची वाळवणं म्हणजे माल काळा करून घेणं.

वाण दुकानदाराला विचारून ठरवू नका. ज्या बाजारात विकणार तिथल्या दोन व्यापाऱ्यांना विचारा. कुठे लांब, सुरकुतलेली, पोपटी ज्वाला चालते, कुठे बारीक, गडद, तिखटजाळ तेजा प्रकारची मागतात. हिरव्यासाठी बहुतेक जण संकरित वाणच घेतात. सुधारित वाणांत पुसा ज्वाला, राहुरीची फुले ज्योती, परभणी विद्यापीठाची परभणी तेजस असे पर्याय आहेत. बियाणं स्वस्त पडतं आणि पुढच्या वर्षासाठी बी घरीच धरता येतं. संकरित मिरचीचं बी मात्र घरी धरू नका, पुढच्या वर्षी शेतात दहा प्रकारची झाडं दिसतील. बियाण्याची पावती आणि रिकामं पाकीट हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. लॉट नंबर नसेल तर तक्रार उभीच राहत नाही.

रोपं

२,९०० रोपांसाठी नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरण्यापुरती जास्तीची धरून ३,३०० तयार करा. त्याला ९८ कप्प्यांचे ३४ ट्रे आणि संकरित बी साधारण २५ ग्रॅम लागतं. भिजवलेलं कोकोपीट भरून प्रत्येक कप्प्यात अर्धा सेंटिमीटर खोल एक बी टाका. ट्रे एकावर एक रचून वर प्लास्टिक झाका. मार्चच्या उकाड्यात चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज उघडून बघा आणि पहिले कोंब दिसताच ट्रे पसरा. एक दिवस चुकला तरी रोपं पिवळी आणि लांबट होतात, ती पुढे सुधारत नाहीत.

ट्रे ४० मेशच्या कीटकरोधक जाळीखाली ठेवा. साध्या हिरव्या शेडनेटमधून पांढरी माशी आणि फुलकिडे सहज आत जातात, आणि कोकड्याचा (पानं आकसून वाकडी होण्याच्या रोगाचा) विषाणू बहुतेक वेळा रोपवाटिकेतूनच शेतात येतो. पाणी सकाळी द्या. रोपं जमिनीलगत करपून आडवी पडू लागली तर आधी पाणी कमी करा, मग कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटरला २५ ग्रॅम घेऊन आळवणी करा, म्हणजे मुळाशी ओता. लागवडीआधी चार-पाच दिवस पाणी तोडत आणा, रोप कणखर होतं. ३५ ते ४० दिवसांत पाच-सहा पानांचं, वीतभर रोप तयार होतं.

विकत घेणार असाल तर दीड महिना आधी मागणी नोंदवा. उचलताना ट्रेमधून चार रोपं उपटून मुळं बघा. ती पांढरी आणि भरगच्च हवीत, तपकिरी नकोत. कळी आलेलं किंवा शेंड्याला पान गुंडाळलेलं रोप फुकट दिलं तरी घेऊ नका.

रान आणि बेड

आधी टोमॅटो, वांगी, बटाटा किंवा मिरची घेतलेलं रान टाळा. त्यांचे रोग एकच. कपाशीला लागूनही नको, फुलकिडे आणि पांढरी माशी दोन्हीकडे फिरत राहतात. मका, ज्वारी, हरभऱ्यामागची जमीन उत्तम. भारी काळ्या रानात पाणी तुंबतं, म्हणून बेड किमान फूटभर उंच, वरून अडीच-तीन फूट रुंद आणि चर उताराला सोडलेले हवेत. अर्ध्या एकराला चार-पाच टन चांगलं कुजलेलं शेणखत घाला. कच्चं घातलं तर हुमणी आणि वाळवीला आमंत्रण.

बागायती मिरचीला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश ही नेहमीची शिफारस. अर्ध्या एकराला तिचा हिशेब असा: युरिया ४३ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट ६२ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश १७ किलो. सुपर फॉस्फेट आणि पोटॅश सगळं, युरिया निम्मा, बेड भरतानाच मिसळा. उरलेला युरिया ठिबकमधून तीन-चार हप्त्यांत. माती तपासलेली असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करा.

पाच फुटी ओळींवर अर्ध्या एकरात १,३३० मीटर बेड होतो. तेवढीच लॅटरल (ठिबकची नळी) आणि ४०० मीटरचे चार मल्चिंग रोल लागतील. पेपर २५ किंवा ३० मायक्रॉनचा, चंदेरी बाजू वर. लॅटरल आधी अंथरून पाणी सोडून बघा, मगच पेपर ताणा. पेपराखालचा बंद ड्रीपर झाड सुकल्यावरच कळतो. छिद्र तीन इंचांचं पाडा. लहान छिद्रातून निघणारी वाफ आणि तापलेला प्लास्टिकचा काठ यांनी मे महिन्यात खोड जळतं, म्हणून रोपाभोवती छिद्राच्या काठावर मूठभर माती टाका. लागवड दुपारी चारनंतर, बेड वाफशावर, म्हणजे ओला पण चिखल नसलेला, असताना. आठ दिवसांत नांग्या भरून घ्या, त्यानंतर भरलेलं रोप मागेच राहतं.

लागवडीच्या पंधरा दिवस आधी शेताच्या चारही बाजूंनी मक्याच्या दोन-तीन ओळी पेरा. उडत येणारी पांढरी माशी आणि मावा बराचसा तिथे अडतो.

खत-पाणी

दहाव्या दिवसापासून अर्ध्या एकराला चार-पाच दिवसांनी एकदा दीड किलो १९:१९:१९ हे विद्राव्य खत (आकडे नत्र, स्फुरद, पालाशाचे) सोडा. कळी लागताना १२:६१:००, फळं लागल्यावर १३:००:४५. मधून कॅल्शियम नायट्रेट द्या, पण स्वतंत्र दिवशी. फॉस्फेट किंवा सल्फेट असलेल्या खताबरोबर एकाच टाकीत टाकलं की साका बसून ड्रीपर बंद होतात. हिरवीगार झाडं बघून खूश होऊन नत्र वाढवू नका. लुसलुशीत पानांवर फुलकिडे आधी येतात.

आपल्याकडच्या चुनखडीच्या रानात शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. साधं फेरस सल्फेट जमिनीतून दिलं तर अशा मातीत ते लगेच अडकून पडतं. ईडीडीएचए चिलेट ठिबकमधून द्या किंवा लोहाची फवारणी घ्या.

पारा ३८ अंशांच्या वर गेला की फुलं गळणारच. हलकं पण रोज पाणी आणि एनएए (फूलगळ रोखणारं संजीवक) ४.५ टक्के १० लिटरला २ ते २.५ मिली, एवढंच हातात आहे. दुकानात त्यासाठी चार बाटल्या दाखवतील, त्यातल्या तीन उन्हाला काहीच करू शकत नाहीत.

कोकडा: आधी पान उलटून बघा

पान वाकडं दिसलं की 'कोकडा आला' म्हणून औषध मारतात आणि निम्मा पैसा तिथे वाया जातो. कारण वेगवेगळं असतं, औषधही.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून द्रोणासारखं झालं असेल तर फुलकिडे. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, बारीक पिवळसर किडे पळताना दिसतील. कडा खाली वळल्या, पान अरुंद आणि देठ लांबलं असेल तर कोळी. तो भिंगाशिवाय दिसत नाही. पानं बारीक, गुच्छासारखी, शिरा जाड आणि झाड खुजं राहिलं असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही. असं झाड पहिल्या महिन्यात दिसलं तर उपटून पिशवीत घालून शेताबाहेर न्या आणि गाडा.

फुलकिड्यांसाठी निळे, पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे, अर्ध्या एकरात प्रत्येकी दहा-बारा लावा. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. वाढले तर स्पिनोसॅड ४५ एससी १० लिटरला ३ मिली किंवा फिप्रोनिल ५ एससी १६ ते २० मिली. कोळ्यासाठी स्पायरोमेसिफेन २२.९ एससी ८ मिली. कोळ्यावर फुलकिड्यांचं औषध मारून काही होत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकिडे मरतात आणि तो वाढतो. एकच औषध लागोपाठ दोनदा नको. तीन-चार औषधं एका पंपात मिसळून मारायची पद्धत आहे, ती सोडा. गंधक भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.

२०२१ च्या अखेरीस तेलंगण-आंध्रात मिरची उद्ध्वस्त करणारा काळा फुलकिडा फुलांच्या आत बसतो. म्हणून पानांबरोबर फूल उघडूनही बघायची सवय ठेवा.

तोडे सुरू झाले की लेबलवरचा प्रतीक्षा कालावधी पाळा. आज फवारून उद्या तोडलेला माल कोणाच्या तरी ताटात जातो, आणि निर्यातीच्या मालात अवशेष सापडले तर सगळा लॉट परत येतो.

झाड एका दिवसात उबळलं, म्हणजे अचानक सुकलं, तर आधी पाणी बघा. काळ्या रानात संततधार पडली की मुळांना हवा मिळत नाही आणि मूळकूज सुरू होते. चर मोकळे करा, ठिबक बंद ठेवा, कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी शेजारच्या झाडांनाही करा. ट्रायकोडर्मा द्यायचा तर लागवडीच्या वेळीच, किलोभर ५० किलो शेणखतात मिसळून. तांब्याच्या औषधाबरोबर तो मरतो. फांद्या शेंड्याकडून वाळणं आणि फळावर खोलगट गोल डाग ही एकाच बुरशीची दोन रूपं. डागी फळं झाडाखाली टाकू नका.

तोडा, गोणी, पट्टी

लागवडीपासून ५५ ते ६५ दिवसांत पहिला तोडा येतो. दव उडाल्यावर तोडा, देठासह. ओली मिरची गोणीत भरली की रात्रीतून तापते आणि सकाळी मधली मिरची काळी निघते. तोडलेला माल सावलीत पसरून वाकडी, किडकी, लालसर वेगळी काढा. पाच किलो खराब माल अख्ख्या गोणीचा भाव पाडतो.

विकायला निघण्याआधी तळाचा भाव काढून ठेवा. समजा किलोला तोडणी ८ रुपये, गोणी-हमाली १ रुपया, भाडं २ रुपये. ११ रुपयांच्या खाली हिरवी विकणं म्हणजे पदरचे पैसे घालणं. तेव्हा माल झाडावर लाल होऊ द्यावा. शंभर किलो ओली लाल मिरची वाळून २५ ते ३० किलो होते, म्हणून वाळलेल्याचा भाव हिरव्याच्या चौपटीहून बराच वर असेल तरच ते परवडतं.

भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईला हंगामात हिरव्या मिरचीची मोठी खरेदी होते, माल परराज्यात जातो. लाल मिरचीसाठी नांदेडकडच्यांना धर्माबाद जवळ. कुठेही न्या, पण गाडी भरण्याआधी दोन बाजारांत फोन करा. गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याचा भाव ऐकताना भाडं वाचलं हे धरा, आणि काटा व कडता (वजनातली कपात) आधीच बोलून घ्या. क्विंटलमागे दोन किलो कडता म्हणजे भावात दोन टक्क्यांची कपात. पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, त्याच दिवशी घ्या आणि वाचा. फळं-भाजीपाल्याची अडत (आडत्याचं कमिशन) खरेदीदाराकडून घ्यायची, शेतकऱ्याकडून नाही, असा राज्यात २०१६ पासून नियम आहे. पट्टीत ती कापलेली दिसली तर तिथेच विचारा. उधारीवर पहिला तोडा दिला तर दुसऱ्याआधी पैसे मागा.

लाल मिरची तोडल्यावर एक-दोन दिवस सावलीत ढीग करून ठेवा, अर्धवट रंगलेली सारखी होते. मग ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर पातळ पसरा, दिवसातून दोनदा हलवा, संध्याकाळी झाका. मातीवर टाकली की बुरशी धरते. हलवल्यावर बी खळखळ वाजलं आणि देठ कट्कन मोडलं की झाली. ओलावा १० ते ११ टक्के हवा. पांढरी पडलेली फटकी वेगळी भरा, तिला वेगळा भाव लागतो. वजन वाढवायला पाणी शिंपडू नका, आठवड्यात पोत्यात पांढरी बुरशी दिसते. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा. तिखट करून पाकिटातून विकणार असाल तर एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आधी करा.

शेवटचा तोडा झाला की झाडं उभी ठेवून गुरं सोडायची पद्धत आहे. तसं न करता उपटून शेताबाहेर न्या. त्या झाडांवरची पांढरी माशी आणि विषाणू पुढच्या लागवडीची वाट बघत बसतात. पेपर आणि लॅटरल गुंडाळून घ्या. लॅटरल धुऊन सावलीत ठेवली तर पुढचे हंगामही चालते.